डोंगरपायथ्याच्या अथेन्सला जाणारी बस

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कोलंबसहून आग्नेयेकडे निघालेली बस सुरुवातीला सपाट मुलखातून धावते. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एखादं मोठं गोदाम, एखादी नवी वसाहत. लँकेस्टर मागे पडलं की रस्त्याकडेला वाळूच्या दगडाचे कडे दिसू लागतात, शेतं अरुंद होत दरीत शिरतात आणि झाडी थेट रस्त्यापर्यंत उतरते. हा बदल इतका ठळक आहे त्याला कारण हिमयुग. उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमस्तरांनी ओहायो राज्याचा मोठा भाग घासून काढला, खळग्यांत गाळ भरला आणि या बाजूला ते साधारण लँकेस्टरच्या आसपास थांबले. पलीकडचा आग्नेय कोपरा त्यांच्या तडाख्यातून सुटला. तो आजही ओढ्या-नद्यांनी कोरलेला, चढउतारांचा आहे. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेचा हा पश्चिमेकडचा पायथा.

या पायथ्याशी, कोलंबसपासून सुमारे १२० किलोमीटरवर, हॉकिंग नदीच्या काठी अथेन्स नावाचं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २४ हजारांच्या जरा आत होती, आणि त्यातही विद्यार्थ्यांचा वाटा मोठा. इथे प्रवासी विमान उतरत नाही. वॉशिंग्टन आणि सिनसिनाटी यांना जोडणारी ‘शेनँडोआ’ ही अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची गाडी १९७६ मध्ये इथून धावू लागली आणि १९८१ मध्ये बंद झाली. त्यानंतर रेल्वेने इथे येण्याची सोय उरली नाही. तरीही गाडी न चालवणारा माणूस आज अथेन्सला येऊ शकतो, कारण ‘गोबस’ नावाची लांब पल्ल्याची बस इथे येते. अमेरिकेच्या छोट्या शहरांत ही गोष्ट गृहीत धरता येत नाही, म्हणून ती कशी घडली ते आधी पाहायला हवं.

अमेरिका म्हणजे घरोघरी गाड्या, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं चित्र. पण तिथल्या सुमारे ८ टक्के घरांकडे एकही गाडी नाही. ज्या घरात एक गाडी आहे, तिथेही ती सकाळी कुणीतरी कामावर घेऊन गेलं की मागे राहिलेली माणसं अडकतात. वयामुळे गाडी चालवणं सोडलेले, नजर अधू झालेले, औषधोपचारासाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जावं लागणारे, परदेशातून नुकतेच शिकायला आलेले असे कितीतरी जण त्यात येतात. मुलांकडे काही महिने राहायला गेलेले मराठी आईबाबाही त्यांतलेच. पुण्यात किंवा साताऱ्यात पंचाहत्तरीतही एकट्याने एसटीने फिरणारी माणसं तिथे शनिवार-रविवारची वाट पाहत बसतात. त्यांच्यासाठी बसचं वेळापत्रक हे स्वातंत्र्याचं वेळापत्रक असतं.

लांब पल्ल्याची बस ही खरं तर अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांच्या गावांतच जन्मली. मिनेसोटा राज्यात हिबिंग हे लोखंडाच्या खाणींचं गाव. तिथे १९१४ मध्ये कार्ल विकमन या स्वीडनहून आलेल्या माणसाने, न खपलेल्या एका मोटारीतून खाण कामगारांना शेजारच्या वस्तीपर्यंत १५ सेंटांत नेआण करायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ग्रेहाउंड ही कंपनी वाढली. विसाव्या शतकाच्या मध्यावर देशातली असंख्य छोटी गावं बसने जोडलेली होती. त्यामागे एक व्यवस्था होती. कोणत्या मार्गावर कुणी बस चालवायची याचे परवाने सरकार देई आणि त्या बदल्यात कंपनीला तोट्यातले थांबेही सांभाळावे लागत. मोठ्या शहरांमधल्या भरलेल्या बसच्या नफ्यातून डोंगराळ गावातल्या रिकाम्या बसचा खर्च निघे. ‘गाव तिथे एसटी’ म्हणताना आपल्याकडे जो हिशेब गृहीत असतो, साधारण तोच.

१९८२ मध्ये केंद्रीय कायद्याने हे नियंत्रण सैल केलं. मार्ग सुरू करणं सोपं झालं, तसं सोडून देणंही सोपं झालं. पुढच्या काही वर्षांत हजारो गावांचा बसथांबा गेला. यात कंपन्यांना खलनायक ठरवून काही हाती लागत नाही. ज्या थांब्यावर दिवसाला दोन माणसं चढतात तो थांबा नफ्यासाठी चालणारी कंपनी किती काळ ठेवणार? प्रश्न एवढाच होता की त्या दोन माणसांची जबाबदारी कुणाची.

याचं उत्तर १९९१ च्या केंद्रीय वाहतूक कायद्यातल्या एका छोट्या कलमाने दिलं. ग्रामीण भागातल्या सार्वजनिक वाहतुकीसाठी राज्यांना केंद्राकडून जो निधी मिळतो, त्यातला ठरावीक हिस्सा लांब पल्ल्याच्या बससेवेवर खर्च करणं बंधनकारक झालं. हा हिस्सा टप्प्याटप्प्याने १५ टक्क्यांवर नेण्यात आला. राज्यात अशा बसची गरज पुरेशी भागते आहे असं राज्यपालाने लेखी कळवलं तरच त्यातून सूट. आज ते कलम ५३११ मधलं ‘एफ’ पोटकलम म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून कमी भाड्याची, दिवसातून एक-दोनदा येणारी बस कुठे दिसली, तर तिच्यामागे बहुधा हेच कलम असतं. मला ते त्या काळातल्या मोठमोठ्या महामार्ग योजनांइतकंच मोलाचं वाटतं.

पण केंद्राचे पैसे मिळवायचे तर स्थानिक वाटाही घालावा लागतो, आणि गरीब काउंट्यांकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांकडे, नेमका तोच नसतो. त्यावर निघालेला मार्ग हुशारीचा आहे. समजा, ग्रेहाउंडची बस कोलंबसहून पुढे दुसऱ्या राज्यात विनाअनुदान, स्वतःच्या खर्चाने धावते. ग्रामीण बस तिला वेळेवर प्रवासी आणून जोडत असेल, तर दोन्ही मिळून एकच सेवा मानली जाते, आणि ग्रेहाउंडच्या त्या धावण्याचं पैशांतलं मूल्य स्थानिक वाटा म्हणून दाखवता येतं. खासगी कंपनीला नवे प्रवासी मिळतात आणि काउंटीच्या तिजोरीवर भार पडत नाही. ओहायोने याचा चांगला उपयोग करून २०१० मध्ये गोबस सुरू केली. पहिले मार्ग अथेन्सहूनच निघाले: एक कोलंबसकडे, एक सिनसिनाटीकडे, एक ओहायो नदीकाठच्या मॅरिएटाकडे. पुढे जाळं क्लीव्हलंडपर्यंत आणि राज्याच्या इतर भागांत पसरलं. तिकीट मुद्दामच कमी ठेवलं गेलं, जवळच्या अंतराला १० डॉलरच्या आसपास.

गोबसचा कारभार पाहते ती हॉकिंग, अथेन्स आणि पेरी या तीन काउंट्यांत काम करणारी एक कम्युनिटी अ‍ॅक्शन संस्था. हीच संस्था अथेन्सची गावातली बसही चालवते आणि आग्नेय ओहायोची अन्नपेढीही. अशा संस्था देशभर उभ्या राहिल्या त्या १९६४ च्या गरिबी निर्मूलनाच्या कायद्यातून. आणि या कायद्याचा अथेन्सशी जवळचा धागा आहे. ७ मे १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन अथेन्सला आले होते. ओहायो विद्यापीठाच्या हिरवळीवर त्यांनी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं, आणि पुढे त्यांच्या कारकिर्दीची ओळख ठरलेली ‘ग्रेट सोसायटी’ ही कल्पना जाहीरपणे पहिल्यांदा तिथे मांडली. पंधरा दिवसांनी मिशिगनमधल्या भाषणाने ती गाजली, पण सुरुवात या डोंगरपायथ्याशी झाली. त्याच ऑगस्टमध्ये गरिबी निर्मूलनाचा कायदा आला आणि १९६५ मध्ये अ‍ॅपलाचियन विकासासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. आयोगाच्या पैशातून डोंगरांतून चौपदरी रस्ते निघाले. अथेन्सहून पूर्वेला जाणारा रस्ताही त्यातलाच. रस्त्यांचा फायदा गाडीवाल्यांना लगेच झाला. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्यापर्यंत तो पोचायला त्या रस्त्यांवर बस यावी लागली.

अथेन्समध्ये विद्यापीठाच्या बेकर सेंटरपाशी बसचा थांबा आहे. ही इमारत टेकडीच्या उतारावर बांधलेली आहे. खालच्या दाराने आत शिरायचं, सरकत्या जिन्यांनी एकेक मजला वर चढायचं आणि वरच्या दाराने बाहेर पडलं की आपण थेट गावाच्या मध्यात. सामान घेऊन आलेल्याला चढ चढावा लागत नाही. तिथून गावाचा मुख्य रस्ता, कोर्ट स्ट्रीट, दोन मिनिटांवर आहे. छोट्या अमेरिकन शहरांत बस बऱ्याचदा महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर सोडून जाते आणि पुढे पायी जायला पदपथही नसतो. इथे तसं होत नाही. याच एका कारणासाठी गाडीशिवाय पाहण्याजोग्या गावांत मी अथेन्सचं नाव वर ठेवीन.

कोर्ट स्ट्रीट विटांनी फरसबंद केलेला आहे. या भागात कोळशाच्या थरांखाली भट्टीत टिकणारी माती सापडते, म्हणून कोळशाच्या जोडीने विटांचा धंदा वाढला. शेजारच्या नेल्सनव्हिलच्या विटांवर ताऱ्याचा छाप असे, आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्या विटा वाखाणल्या गेल्या होत्या. रस्त्याच्या कडेलाच विद्यापीठाची जुनी हिरवळ लागते. ओहायो राज्य झालं १८०३ मध्ये आणि हे विद्यापीठ १८०४ मध्ये. त्याआधीच, हा मुलूख वसाहतीसाठी खुला करताना, दोन आख्ख्या टाउनशिपच्या जमिनी विद्यापीठासाठी राखून ठेवल्या होत्या. म्हणजे इथे विद्यापीठ आधी ठरलं आणि शहर त्याच्याभोवती वाढलं. हिरवळीवरचा कटलर हॉल १८१० च्या दशकातला आहे. गुलामीत जन्मलेले जॉन न्यूटन टेम्पलटन १८२८ मध्ये याच विद्यापीठातून पदवीधर झाले, म्हणजे अमेरिकेत गुलामगिरी संपण्याच्या सदतीस वर्षं आधी. कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून देशात त्यांचा क्रमांक चौथा मानला जातो.

नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या टेकडीवर चढलं की लाल विटांची एक प्रचंड इमारत दिसते. जानेवारी १८७४ मध्ये इथे मनोरुग्णालय सुरू झालं. त्या काळातले डॉक्टर थॉमस कर्कब्राइड यांचा विचार असा होता की मोकळी हवा, उजेड, बागा आणि थोडंफार काम यांनी मन सावरतं. म्हणून मधली मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत गेलेले पंख, अशी रचना. प्रत्येक कक्षात वारा आणि प्रकाश यावा हा हेतू. विचार दयेचा होता, पण रुग्णांची संख्या वाढत गेली आणि मूळ क्षमतेच्या कितीतरी पट माणसं तिथे कोंबली गेली. १९५० च्या दशकात वॉल्टर फ्रीमन या डॉक्टरांनी इथेही अनेकांवर मेंदूची ती कुप्रसिद्ध लोबोटॉमी शस्त्रक्रिया केली. १९९३ मध्ये रुग्णालय बंद झालं. जागा आता विद्यापीठाकडे आहे, ‘द रिजेस’ या नावाने. मुख्य इमारतीत केनेडी कलासंग्रहालय आहे. नवाहो विणकरांची कापडं आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या मूलनिवासींचे दागिने हा तिथला मोलाचा ठेवा.

रिजेसची स्मशानं मात्र संग्रहालयाइतकीच पाहायला हवीत, आणि सावकाश. तिथे सुमारे १,९०० माणसं पुरलेली आहेत. बऱ्याच दगडांवर नाव नाही, फक्त आकडा कोरलेला आहे. वेडेपणाचा डाग घराण्याला लागू नये म्हणून नातलगांनी देह नेला नाही आणि संस्थेने खर्च वाचवला. पुढे मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनी जुन्या नोंदी चाळून आकड्यांमागची नावं शोधली आणि गवतात बुडालेली जागा साफ करून फिरण्याची वाट केली. भुताखेतांच्या गोष्टींसाठी इथे येणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांनी ही वाट एकदा चालून पाहावी, मग त्या गोष्टी सांगायची इच्छा राहणार नाही.

अथेन्सच्या उत्तरेकडे कोळशाचा मुलूख सुरू होतो. १८४० च्या दशकात हॉकिंग कालवा इथवर आला, मग रेल्वे, मग खाणी. १८८४ च्या मोठ्या संपात न्यू स्ट्रेट्सव्हिलपाशी काहींनी पेटत्या कोळशाच्या गाड्या खाणीत ढकलल्या आणि जमिनीखाली जी आग लागली ती पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिली. ५ नोव्हेंबर १९३० रोजी मिलफील्डच्या खाणीत स्फोट होऊन ८२ माणसं मेली. ओहायोतली ही सर्वांत भीषण खाण दुर्घटना. खाण पाहायला आलेले कंपनीचे वरिष्ठ अधिकारीही त्यात होते.

खाणी बंद पडल्या तरी पाणी वाहत राहिलं. सोडून दिलेल्या बोगद्यांत पावसाचं पाणी शिरतं. तिथल्या खडकात लोह आणि गंधक यांचं संयुग असतं, पायराइट. पाणी आणि हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, लोह विरघळतं आणि हे आम्लधर्मी पाणी कुठेतरी वाट काढून ओढ्यात पडतं. उघड्यावर आल्यावर त्यातलं लोह गंजतं आणि ओढ्याचा तळ भगव्या-नारिंगी साक्याने भरतो. त्यात मासे जगत नाहीत आणि त्यांचं खाद्य असलेले किडेही जगत नाहीत. अथेन्सजवळच्या ट्रूटाउन इथे एकाच तोंडातून दिवसाला दहा लाख गॅलनहून जास्त असं पाणी संडे क्रीकमध्ये येतं.

ओहायो विद्यापीठातले अभियंते गाय रीफलर आणि चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी या साक्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तो साका म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि गेरू, पिवडी यांसारख्या मातकट रंगांचा पायाही आयर्न ऑक्साइडच. पाण्याचा आम्लपणा आणि त्यात मिसळणारी हवा यांवर ताबा ठेवून लोह शुद्ध स्वरूपात खाली बसवायचं, मग ते वेगवेगळ्या तापमानाला भाजायचं, म्हणजे पिवळ्यापासून तांबड्या-जांभळ्यापर्यंत छटा मिळतात. गॅम्ब्लिन या चित्रकारांसाठी रंग बनवणाऱ्या कंपनीने हे तैलरंग बाजारात आणले. रूरल अ‍ॅक्शन या स्थानिक संस्थेने हे काम कारखान्याच्या पातळीवर नेण्यासाठी ‘ट्रू पिग्मेंट्स’ हा उपक्रम सुरू केला. रंग विकून येणाऱ्या पैशांतून ओढ्याच्या शुद्धीकरणाचा खर्च निघावा हा हिशेब. साफसफाईसाठी दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागू नये, यातलं शहाणपण मला फार भावतं.

बस या ओढ्यांपर्यंत नेत नाही, हे खरं. पण नदीकाठाने, विद्यापीठाच्या खालच्या बाजूने, जुन्या रेल्वेच्या जागेवर बांधलेली हॉकहॉकिंग अडीना सायकलवाट जाते. अथेन्स ते नेल्सनव्हिल अशी ती ३० किलोमीटरहून लांब आहे आणि बहुतेक ठिकाणी सपाट. या वाटेवर एक्लिप्स ही कोळसा कंपनीने कामगारांसाठी बांधलेली जुनी घरांची रांग लागते. सायकल चालवता येत असेल, तर खाणींच्या काळाचा अंदाज यायला एवढा प्रवास पुरेसा आहे.

थांबा गावाच्या मध्यात असला तरी वेळापत्रकाची शिस्त पाळावी लागते. बस दिवसातून मोजक्याच वेळा असते. एक चुकली तर बऱ्याचदा दुसरा दिवस उजाडतो. गावातली बस रात्री उशिरा किंवा रविवारी मिळेलच असं नाही, आणि बरीच हॉटेलं ईस्ट स्टेट स्ट्रीटवर, मध्यापासून लांब आहेत. विद्यापीठाच्या सुट्ट्या लागतात किंवा संपतात त्या दिवशी जागा आधीच भरतात. आणखी एक काळजी घ्यायची ती मोठ्या शहरातल्या टोकाची. २०२१ मध्ये ग्रेहाउंड जर्मनीच्या फ्लिक्स कंपनीने विकत घेतली, पण तिच्या बसस्थानकांच्या इमारती त्या व्यवहारात नव्हत्या. पुढे अनेक शहरांतली मध्यवर्ती स्थानकं बंद होऊन थांबे भलतीकडे गेले. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये. तिकिटावरचा पत्ता नकाशात पाहून मगच निघावं.

मुक्काम शनिवारी पडेल असा बेत करावा, कारण १९७२ पासून इथे भरणारा शेतकरी बाजार शनिवारी सकाळी असतो. मालक बाजूला झाल्यावर कामगारांनीच १९८५ मध्ये चालवायला घेतलेलं ‘कासा नुएव्हा’ हे उपाहारगृह मध्यवस्तीत आहे आणि तिथल्या पदार्थांत आसपासच्या शेतांचा माल असतो. खाण्यापिण्याचे छोटे धंदे उभे करायला मदत करणारी सामायिक व्यावसायिक स्वयंपाकघरंही या गावात १९९६ पासून आहेत. त्यामुळे बाजारात बरण्या-बाटल्यांचे स्थानिक प्रकार खूप.

सप्टेंबरात गेलात तर बाजारात पॉपॉ शोधा. हिरवट सालीचं, आंब्याच्या बेताचं हे फळ उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं मूळचं खाद्यफळ आहे आणि २००९ पासून ओहायोचं अधिकृत राज्यफळ. सीताफळ आणि रामफळ ज्या कुळातले, त्याच कुळातलं हेही. ते सगळं कुळ उष्ण प्रदेशातलं, त्यातला हा एकच गट बर्फ पडणाऱ्या जंगलात तग धरून राहिला. आत पिवळा, मऊ, गोड गर आणि सीताफळापेक्षा बऱ्याच मोठ्या चपट्या काळ्या बिया. मराठी जिभेला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. गावाजवळच्या लेक स्नोडेनला १९९९ पासून सप्टेंबरात पॉपॉचा उत्सव भरतो. हे फळ दुकानांत दिसत नाही, कारण पिकल्यावर ते दोन-तीन दिवसांतच उतरतं. बी आणि साल खायची नाही. मुलांसाठी न्यायचं असेल, तर हाताला जेमतेम मऊ लागणारी फळं निवडावीत आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवावीत. कोलंबसपर्यंतचा दोन तासांचा प्रवास ती सोसतात.